उजव्या बाजूचा टेका

माझी आई आज माझ्याबरोबर आहे ती किन्हीराजाच्या फाट्यावरच्या सीटवाल्या काकांमुळे. हे आधी सांगतो, मग बाकीचं. मोटरसायकलच्या सीटा शिवणारा जाडजूड माणूस. शिवलेली सीट गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी तिच्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "थांब, मी बसतो आधी." मग डोळे मिटून असा ऐसपैस बसायचा की गिऱ्हाइकाला वाटावं, आता हा काही उठत नाही.

आम्ही सांगलीकडचे. सातवीत शाळा सोडून मी बोअर मारणाऱ्या गाडीबरोबर इकडे विदर्भात आलो आणि मोटार वाइंडिंगच्या दुकानात टिकलो. वडील गेल्यावर आईला घेऊन आलो. इथे तिच्या किडन्या बिघडल्या. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा वाशीम. एसटीत तिच्याने उभं राहवत नव्हतं आणि दर खेपेला जीप करणं परवडत नव्हतं. राहिली माझी जुनी मोटरसायकल.

जाताना ठीक असायचं. येताना तिच्या अंगात काही उरलेलं नसायचं. तिचा एक हात माझ्या खांद्यावर असे, आणि तो सैल पडला की मी गाडी हळू करायचो. "आई, जागी हायस न्हवं?" मी विचारायचो. ती "हूं" म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा.

एकदा फाट्यावर वळताना तो हात सुटलाच. मी ब्रेक दाबला. घसरत चाललेल्या आईला दुकानातून धावत आलेल्या काकांनी वरच्यावर धरलं. तिला बाकावर बसवून पाणी पाजलं, मग माझ्याकडे वळले.

"पोतं असतं तर दोरीनं बांधून आणलं असतं तुनं. मायले काहून तसंच आणून राह्यला?"

मी खाली बसून आईच्या पायात सुटलेली चप्पल घालत होतो. ते त्यांना दिसलं असावं, कारण आवाज उतरला. गाडी ठेवून जा म्हणाले, पाठीला टेका करून देतो. पाइप भंगारातला, फोम जुन्या सीटचा, महाग पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सीटच्या मागे काळ्या रेक्झिनचा छान टेका उभा होता. काका दोन्हीकडे पाय टाकून बसले, टेकले आणि मला सगळ्या खड्ड्यांतून गाडी न्यायला लावली. एकदम पास. मग आईला बसवलं. आई लुगडं सावरून बसली ती एका बाजूला, आपल्याकडच्या सगळ्या बाया बसतात तशी. टेका राहिला तिच्या डाव्या कोपराशी. पाठ मोकळीच, आणि तीसुद्धा उजवीकडे, जिकडून ट्रक पुढे जातात तिकडे.

चहाच्या टपरीवरची माणसं हसायला लागली. एक जण म्हणाला, काकानं टेका काकासाठीच केला. काका रागावले नाहीत. आईकडे बघत राहिले, मग म्हणाले, "माय, आमच्या घरची बी अशीच बसते. म्या काय पाह्यलं इतके दिवस?"

त्यांनी तो टेका कापला आणि कॅरियरच्या उजव्या अंगाला वेल्डिंग करून बसवला. जीपचा जुना पट्टा कमरेसाठी लावला. आणि मग, तुम्ही पाहायला हवं होतं, तो अवाढव्य माणूस नव्या नवरीसारखा एका बाजूला बसून अख्ख्या गावातून माझ्यामागे फिरला. "वरात कुठं चालली?" लोक विचारत होते. मध्येच त्यांनी अंग टाकून दिलं, झोप लागल्यासारखं. पण ते जागचे हलले नाहीत.

आई टेक्याला रेलायला लागली. तिला आराम आणि मला नवीनच भीती. आता खांद्यावर हात नसायचा, मागे आई आहे की नाही हेच कळायचं नाही. मी सारखा हात मागे नेऊन चाचपायचो. काकांनी ते एकदा पाहिलं.

"तू समोर पाह्य. मागचं म्या पाह्यलं हाय."

आणि एका दुपारी, मालेगाव सोडल्यावर, मी हाक मारली तर "हूं" आलं नाही. आरशात बघितलं. आईची मान लोंबत होती. कडेला थांबलो. ती बेशुद्ध होती, पण जशी बसवली तशीच बसलेली. या मुलखात मला दुसरं कुणाचं नावच सुचलं नाही. काकांना फोन लावला.

ते जीप घेऊन आले. पट्टा सोडताना त्यांनी टेका हलवून बघितला. "मी बसलो होतो," स्वतःशीच पुटपुटत होते, "म्या बसून पाह्यलं होतं." वाशीमपर्यंत आईचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. प्रेशर उतरलं होतं, डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी आईने डोळे उघडले आणि पहिल्यांदा त्यांनाच विचारलं, "दादा, तुमी जेवलासा का?"

काका मान फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

पुढे त्यांची नजर अधू झाली, सुईत दोरा जाईना. मुलीने त्यांना नागपूरला नेलं. दुकानाच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचा ठेला आहे. आम्ही अजून आठवड्यातून दोनदा तिथूनच जातो. भीती माझी गेलेली नाही, खोटं कशाला सांगू. फाटा आला की आई पदर नीट करते.

काका, तुम्हाला कधी दवाखान्यात जायची वेळ आली, तर नागपूर लांब आहे असं मनात आणू नका. एक फोन करा. रात्र असो, ऊन असो, मी येईन, आणि तुम्ही शुद्धीवर येईपर्यंत उशाशी बसून राहीन.