दाराशी थांबलेले लोक

हे म्या आजलोक कोनाले सांगतलं नाही. बहिनीले नाही, देवाले बी नाही — देवापुढं तोंड उघडलं का मी पाऊसच मागे. तुले सांगून राह्यली. ऐक.

माही लेक सुनंदा. लहानपनापासून एक पाय अधू. वडनेरात घरी बसून काम्पुटरवर लोकायचे फारम भरे. अन् त्याच काम्पुटरवर तिनं एक कट्टा मांडला होता — काम्पुटरचे खेळ खेळनाऱ्यायचा. कोनी खेळात अडकला का तिथं इचारे, ही लिहून उत्तर दे. नागपूरचे, पुन्याचे, कुठकुठचे लोक. तिले ताई म्हनत. ती हासे. एकटी बसून हासे.

अन् मी? बीटीचा कापूस सारा एकदम फुटे. दिवसभर वेचून, पाठीचं लाकूड करून घरी यावं — तं पोरगी मान वर करे नाही. माह्यासंगं दोन शब्द नाही, अन् त्या न पाह्यलेल्या लोकायसंगं इतकं काय बोले? लेकीच्या हासन्यावर कोनती माय जळते? मी जळली.

मंग फेसबुक आलं. जुने लोक तिकडं पांगले. "तिथं आज लिहेलं उद्या सापडत नाही, माय," ती म्हने. "माह्या कट्ट्यावर पाच वर्साआंधीचं उत्तर बी सापडते." जुने गेले तरी नवे येत. त्यायच्यावरच तिचा जीव.

त्यातच पायाच्या आपरेशनाले तिले बुलढान्याले नेलं. दीड महिना मावशीकडं. जाता जाता मले शिकवलं — कट्ट्यावर जाहिरातवाले घुसतात, म्हनून नवा मानूस दाराशी थांबते. किती थांबले त्याचा लाल आकडा दिसते. "हिरवं दाबलं का तो आत. रोज दाब, माय. इसरू नको."

दुसरीलोक शिकली मी. आकडे येतात मले. रोज पाह्यला. वाढतच जाय.

नाही दाबलं. एक दिवस बी नाही. — इसरली असती तं गोष्ट येगळी. मी तं समोर बसून पाहे.

ती फोन करे. "कोनी आलं काय वं माय?"

"कोनी नाही वं बाई."

ती घरी यायच्या आदल्या दिवशी दाराशी थांबलेले सगळे हाकलून देले. ते बटन बी तिनंच दाखवेलं, जाहिरातवाल्यायसाठी.

आली तं कट्टा सुना. तीन महिने एकटीच लिहे. मंग बंद केला. "फेसबुकनं खाल्लं, माय." म्या म्हटलं, "जमानाच तसा हाय वं."

वाटलं होतं, आता माह्यासंगं बोलंन. कुठं? मोबाईल घेऊन बसते, आंगठा सरकवत. हासत बी नाही.

परवा मी तुरीच्या शेंगा सोलत होती. ती मान वर न करता बोलली, "माय, त्या दीड महिन्यात एक बी नाही? मले अजून खरं वाटत नाही."

"एक बी नाही," म्या म्हटलं.

छत्तीस होते.