दाराआडचे दोन आवाज

माझा मामा चाव्या बनवतो, कुलुपं दुरुस्त करतो, आणि कुणाची चावी आत राहून दार लागलं तर जाऊन उघडून देतो. पण उघडण्याआधी घरमालकाची तोंडी परीक्षा घेतो.

"आत शिरल्यावर डाव्या हाताला काय?"

"चपलांचं कपाट."

"त्यावर?"

"फुलदाणी."

"फुलं खरी की प्लास्टिकची?"

एकदा एक बाई ओल्या केसांनी जिन्यात उभ्या होत्या, आत गॅसवर दूध. तरी मामाने पडद्याचा रंग विचारलाच. दूध उतू गेलं. मामा शांतपणे म्हणाला, "दूध गेलं, घर राहिलं ना?"

त्याचं दुकान एक माणूस बसेल आणि दुसरा अवघडून उभा राहील एवढंच. भिंतीवर कोऱ्या चाव्यांच्या रांगा, काउंटरवर पितळेचा भुसा. मामा चावी कापतानासुद्धा गिऱ्हाइकाकडे तिरका बघत असतो. मामी म्हणते, "लग्नात माझ्याकडेही असाच बघत होता. मला वाटलं लाजतोय. हा माझं माप घेत होता."

अशा माणसाला मित्र एकच. समोरच्या औषधांच्या दुकानातले काका. मामा त्यांना 'गोळी' म्हणतो, ते मामाला 'किल्ली'. गोळीकाका अंगाने गोल, नाकातून लांब श्वास घेऊन मगच बोलणार: "म्हणजे कसं आहे…" आणि कुठलीही गोष्ट जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे सांगितल्याशिवाय त्यांचं वाक्य संपत नाही.

दोघांना एकत्र आणलं ते 'राजवाड्याचं मागचं दार' या मालिकेने. मी जन्मायच्या कितीतरी आधी लागायची. फार जुन्या काळातला एक राजवाडा, पुढे राजा, पण गोष्ट सगळी मागच्या दाराने आत-बाहेर करणाऱ्या नोकरांची. त्यातला पहारेकरी खुद्द राजालाही परवलीचा शब्द विचारतो, राजा दर भागात विसरतो, आणि मागच्या दाराशी कुडकुडत उभा राहतो. मामाचा जीव त्या पहारेकऱ्यावर. "एकटा तोच काय तो कामाचा माणूस होता त्या राजवाड्यात," असं तो हसू न आणता म्हणतो.

मामाने त्या काळी चोवीसच्या चोवीस भाग टेपांवर उतरवून ठेवलेत. आता ते दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. पण टेपा चालवायचं मशीन मामाचं कधीच बंद पडलंय. चालू मशीन आहे गोळीकाकांकडे.

तेव्हा पॉडकास्टची कल्पना मी काढली. दर आठवड्याला एक भाग, दोघांनी बसून गप्पा मारायच्या.

"म्हणजे रेडिओच ना?" मामा म्हणाला. "फक्त कोणी ऐकत नाही तो?"

"ऐकतात रे मामा."

"कोण ऐकतात? नावं सांग."

गोळीकाका मात्र खुलले. वही घेऊनच आले. "म्हणजे कसं आहे, पहिल्या भागात काळ सांगू. तेव्हा कपडे कसे होते, दिवे कसे होते. विनोद नंतर. विनोद जेवणानंतरच बरा पचतो."

"आणि काळ कोण सांगणार?" मामाने विचारलं.

"मी. माझं वाचन आहे."

"आणि मी काय करू? दार उघडू?"

शेवटी ठरलं की काळ काका सांगतील, विनोद मामा सांगेल, आणि सुरुवात दोघं मिळून करतील. टेपा काकांच्या मशीनवर लावून संगणकात उतरवायच्या. पण टेप त्यांच्या घरी मुक्कामाला राहणार नाही, ही मामाची अट. एकेक न्यायची, समोर बसून उतरवायची, परत आणायची. काका म्हणाले, "अरे, मी काय खाणार आहे का ती?" मामा म्हणाला, "तू औषधवाला. तुझा भरवसा काय."

इथपर्यंत सगळं छान होतं. दुसऱ्या रविवारी दुपारी मी मामाच्या दुकानामागच्या खोलीत एकटीच दार लोटून बसले होते. सुरुवात कशी वाजेल ते बघायला दोघांच्या आवाजांची नक्कल करून थोडं फोनवर रेकॉर्ड केलं. आधी मामाचा आवाज. मग काकांचा. आणि काकांचा एकदा लागला की सोडवत नाही. मी नाकातून श्वास घेतला आणि सुटले: "म्हणजे कसं आहे, या मालिकेचा खरा जाणकार मी. किल्लीला आपलं सोबतीला घेतलंय. त्याला टेपा सांभाळायला ठेवू, बोलायला नको." मग स्वतःच हसून ते पुसून टाकलं.

सोमवारी टेपांच्या कपाटाला दुसरं कुलूप दिसलं. मंगळवारी तिसरं. जेवताना मामीने विचारलं तर मामा म्हणाला, "घरातल्या घरात बोलायचीही आता सोय राहिली नाही."

बुधवारी काका मशीन काखोटीला मारून आले. वायर मागे लोंबत होती.

"चल किल्ली, पहिली टेप काढ."

मामाने हातातली कानस खाली ठेवली. "रविवारी चारला कुठे होतास?"

"दुकानात."

"रविवारी तुझं दुकान बंद."

"शटर ओढून मुदत संपलेल्या बाटल्या काढत होतो."

"कुणी पाहिलं?"

काकांनी नाकातून श्वास घेतला, पण 'म्हणजे कसं आहे' आलंच नाही. "तू मला दाराबाहेर उभं करून पडद्याचा रंग विचारतोयस? मला? तीस वर्षांनी?"

"रंग नाही विचारला. चारला कुठे होतास एवढंच विचारलं."

"बस मग त्या टेपा उशाला घेऊन!" काका म्हणाले आणि मशीन घेऊन रस्ता ओलांडून गेले. वायर पायरीला अडकली. त्यांनी ती मागे न बघताच ओढून सोडवली.

मी मामाला विचारलं, झालं काय? आधी तो सांगेना. मग दुकानाचं दार आतून लावून घेऊन हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी गोळी आत होता. तुझ्याशी बोलत होता. मी बाहेर उभा होतो. बोलावल्याशिवाय मी कुठल्या दारातून आत जात नाही, तुला माहीत आहे. किल्लीला सोबतीला घेतलंय म्हणे. टेपा सांभाळायला ठेवू, बोलायला नको म्हणे."

माझं वाक्य. शब्दाला शब्द.

"मामा, ती मी होते."

"कोण तू?"

"काकांचा आवाज. मीच काढत होते."

मामाने डोळे बारीक केले. "किती पढवलंय तुला त्याने?"

मी दार उघडलं, बाहेर गेले, दार लोटलं आणि तिथूनच बोलले. सगळं, श्वासासकट. रस्त्यावरच्या एका माणसाने समोर औषधांच्या दुकानाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

आत आले तेव्हा मामा स्टुलावर बसला होता.

"हे वाक्य त्याने कधी म्हटलंय?"

"नाही रे. मी रचलं."

"एकदाही नाही?"

"नाही."

बराच वेळ तो काउंटरवरचा पितळेचा भुसा बोटाने गोळा करत राहिला. "मग ऐकल्या ऐकल्या मला खरं का वाटलं?" तो म्हणाला. मी उत्तर देणार होते, पण त्याने मला विचारलंच नव्हतं. मग तो म्हणाला, "त्याचं वाचन आहे, हे खरं आहे. माझ्याकडे नुसत्या टेपा आहेत."

मी म्हणाले, "चल." तो म्हणाला, "दुकान कोण बघणार?" मी म्हणाले, "कुलूप लाव." त्याने कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं.

काका खोकल्याची बाटली पुसत होते. आम्हाला बघूनही पुसतच राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि त्यांचा आवाज त्यांच्याच तोंडावर काढून दाखवला. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "मी असा श्वास घेतो?"

"घेता," मी म्हणाले.

"मग आता याचा काढ."

मी मामासारखी मान तिरकी केली आणि म्हणाले, "चुकलं रे माझं, गोळी."

काकांनी मामाकडे बघितलं.

"हे मी बोललेलो नाही हं," मामा म्हणाला.

"माहीत आहे. इतकं सरळ वाक्य तुझं कसं असेल?" काकांनी बाटली ठेवली. "तुझं तू बोल."

मामा आधी रस्त्याकडे बघत बसला, मग शटरकडे, मग त्या मुदत संपलेल्या बाटल्यांच्या खोक्याकडे. एक बाटली उचलून त्याने तिच्यावरची तारीख वाचली. मला वाटलं, आता हा पुरावा तपासणार. पण त्याने ती परत ठेवली.

"रविवारी इथेच होतो म्हणतोस ना," तो म्हणाला, "मग होतास."

काकांनी नाकातून लांब श्वास घेतला, माझ्याकडे बघून अर्ध्यात थांबवला, आणि काउंटरखाली वाकून मशीनची वायर सोडवायला लागले.