डावखुऱ्या फिरकीपटूचं कार्ड

लहानपणी च्युइंगगमबरोबर मिळायची ती क्रिकेटपटूंची कार्डं मी अजून जपून ठेवली आहेत. कुणी याला पोरखेळ म्हणालं तर खुशाल म्हणो. नुसता चेहरा दाखवा, मी त्या खेळाडूची अख्खी कारकीर्द सांगतो.

मध्यंतरी कळलं, की त्यातले एक डावखुरे फिरकीपटू आता बिबवेवाडीत राहतात. कार्ड आणि पेन घेऊन थेट त्यांचं दार वाजवलं. म्हटलं, "सही हवी होती. तुमचा हा चेहरा मी कुठेही ओळखेन."

त्यांनी चष्मा लावून कार्ड निरखलं. "अहो, नाव माझं आहे. फोटो माझा नाही."

मी वाद घातला. होय, त्यांच्याशीच!

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हा आमचा बारावा गडी. अख्खा दौरा आमच्यासाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन धावला. सामना एकही मिळाला नाही."

"मग छापण्यात चूक झालीय, असं मागे लिहून द्या," म्हणत मी पेन पुढे केलं.

त्यांनी कार्ड माझ्या हातात परत ठेवलं. "राहू द्या. माझ्या नावावर तरी खेळू दे त्याला."