भिशीच्या बायका आणि माझा व्हिसा

चाकणच्या कंपनीत चार वर्षं घासल्यावर मला परदेशातल्या एका कारखान्यात डिझाइनची नोकरी लागली आणि माझ्यातला अर्थमंत्री जागा झाला. लगेच एक्सेल उघडलं. व्हिसाची फी, विमा, डिग्रीवरचे शिक्के, भाषांतरं, तिकीट, खोलीचं डिपॉझिट, पहिला पगार होईपर्यंतचं खाणंपिणं. प्रत्येक ओळीला वेगळा रंग दिला. रंग छानच दिसत होते, फक्त तळाची बेरीज माझ्या शिलकीच्या चौपट होती. आणि तेवढे पैसे खात्यात दिसल्याशिवाय व्हिसा नाही, असा तिकडचा नियम.

"माझी भिशी आहे की," आई म्हणाली. मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या आसपासच्या बारा बायका दर महिन्याला सारखी रक्कम काढतात आणि जिची चिठ्ठी निघेल तिला सगळी देतात. नवी फेरी सुरू व्हायची होती. आईनं पहिला नंबर मागून घेतला, कुणी हरकत घेतली नाही. इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, रोख नको, सगळ्यांनी मोबाइलवरून थेट माझ्याच खात्यात टाका.

टाकले. एकाच दुपारी, अकरा जणींनी. पैसे पाठवताना शेरा लिहायला जागा असते आणि ती रिकामी सोडणं आमच्याकडे कुणाला जमत नाही. "भिशी" असं मात्र एकीनंही लिहिलं नाही. "लाडक्याला खाऊ." "गोरी सून आण." "पार्टी कधी?" एकीनं तर "लव्ह यू बेटा" लिहिलं, तिचा नवरा अजून माझ्याशी जपून बोलतो.

आकुर्डीच्या व्हिसा एजंटनं स्टेटमेंट वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"भावा, तू नक्की धंदा काय करतोस?"

मग म्हणाला, हे पैसे कुठून आले ते विचारणारच. प्रत्येकीकडून पैसे भेट दिल्याचं पत्र आण. मजकूर ठरलेला आहे : ही रक्कम मी प्रेमानं देत आहे, मला ती परत नको. अपॉइंटमेंट चार दिवसांवर होती. ती हुकली तर नोकरी काही माझी वाट बघत बसणार नव्हती.

दहा जणींनी न वाचताच सह्या ठोकल्या. राहिल्या एक काकू. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांचीच होती. शेजारच्या भल्यामोठ्या बंगल्यात त्या एकट्या राहतात. त्यांनी मजकूर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"परत नको, असं मी का लिवून दिऊ? माझं पैसं मला माघारी पायजेत."

"काकू, नुसतं कागदावर हो. आई हप्ते भरणारच आहे."

"मग तसंच लिव. न्हाईतर सही न्हाई."

आईनं विनवलं, बाकीच्यांनी चेष्टा केली, काकू ढिम्म. जमीन विकून कोटीत खेळणाऱ्या बाईचा जीव एका हप्त्यात अडकलाय म्हणून मी घरी येऊन त्यांना जे काही म्हणालो ते छापण्यासारखं नाही.

शेवटी रागारागानं दहाही पत्रं फाडली आणि एकच खरं पत्र लिहिलं. भिशी म्हणजे काय, हे पैसे भेट नाहीत, ते आई आणि मी दर महिन्याला फेडणार, शेऱ्यांचा अर्थ लावू नये, माझं लग्न ठरलेलं नाही. एजंट म्हणाला, "मेलास राव." खाली अकरा सह्या, पहिली काकूंची.

व्हिसा ऑफिसात काउंटरवरच्या बाईंनी पत्र शेवटपर्यंत वाचलं. "आणि एखादीनं हप्ता बुडवला तर?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "तिला मोशीत राहता येणार नाही." त्या हसल्या नाहीत. पुढचे तीन आठवडे मी मोबाइल बघत बघत चाकणला जात-येत होतो. कंपनीत कुणी "काय झालं रे?" विचारलं की अंगावर जात होतो. मग एकदाचा पासपोर्ट आला, आणि आत व्हिसा होता.

काकूंकडे पेढे घेऊन गेलो ते खरं तर टोमणा मारायलाच.

"काकू, तुमच्या हप्त्यापायी माझा व्हिसा गेला असता बरं का."

त्यांनी पेढा सावकाश खाल्ला.

"माझा थोरला तिकडं गेला तवा समदं आमीच दिलं. फी, तिकीट, वर खर्चाला. म्हनलं, काय बी माघारी नको, तू सुखात ऱ्हा. आट वर्सं झाली, आला न्हाई."

इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. काकूंनी पदराला हात पुसला आणि पेढ्यांचा बॉक्स बंद केला.

"म्हून तुझ्याकडनं लिवून घेतलं."