ऑपरेशन काकांचं

उमरीत आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील चळवळीतले, ओल्या शाईचा वास असलेले गठ्ठे माझ्या उशाशी असायचे. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. कुटुंब लहान ठेवा, हे सांगणारी सरकारी पत्रकंही त्यात असत. नस बंद कशी करतात ते त्यांत होतं, पुन्हा जोडायची कशी ते कुठंच नव्हतं.

ते मला कळलं देवणीजवळ, काकांच्या गावी. दर उन्हाळ्यात मी तिथं जायचे. दुष्काळात काका-काकू रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे, तिथं वाटली जाणारी सुकडी खाऊन दिवस काढायचे. मुलगा झाला तेव्हा काकू मरता मरता वाचली. म्हणून काकांनी शिबिरात जाऊन स्वतःची नसबंदी करून घेतली. गावानं मात्र ऑपरेशन काकूचंच झालं असं धरलं, आणि काका गप्प राहिले.

लातूर नवा जिल्हा झाला त्या साली तो मुलगा तापानं गेला. दिवस-कार्य झाल्यावर उदगीरहून आत्या आली. काका दोरी वळत होते.

"हिचं तर ऑपरेशन झालंय," आत्या म्हणाली. "एक पोरगी बघून ठिवलीय. दुसरी कर."

काकू भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. काकांनी दोरी खाली ठेवली.

"आक्का, ऑपरेशन माझं झालंय."

"काय बोलायलास? मग आजवर सांगितलं न्हाईस?"

"कुणी इचारलंच न्हाई."

"आना की दुसरी," काकू तव्याकडं बघत म्हणाली. "तिलाबी असंच बसवू माझ्याशेजारी."

आत्याला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. जाताना एवढंच म्हणाली, "घरातच ठिवा हे. बाप्याची लाज जाती."

मग लातूरच्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा काढल्या. कापलेली नळी जोडता येते. पण मधे वर्षं जातील तशी आशा कमी होते, आणि जोडणी जमली तरी मूल होईलच असं नाही. काकूलाही तपासावं लागेल. नाहीतर दुसऱ्या पुरुषाचं बीज, किंवा दत्तक. काका म्हणाले, "आधी जोडा."

"पुन्हा दुखंल की तुमाला," काकू म्हणाली.

"तुला कमी दुखलं का?"

ऑपरेशन झालं, जखम भरली, वाट बघण्यात पुढचा उन्हाळा गेला. तपासणीत काकू ठीक निघाली. काकांची जोडणी धरली नव्हती. मग दोघांनी रीतसर कागदपत्रं करून लातूरच्या अनाथाश्रमातून मुलगी आणली. सावळी, केस विरळ, सारखी काकांचं बोट चोखायची.

त्या सुट्टीत मी काकूबरोबर हातपंपावर होते. रांगेतली एक बाई माझ्या कडेवरच्या पोरीच्या गालाला हात लावून काकूला म्हणाली, "ऑपरेशन केलंस म्हणून दुसऱ्याचं आणावं लागलं बग तुला."

काकूनं घागर उचलली. नेहमीसारखी ती घराकडं निघाली असती. पण काका बैलांना पाणी पाजायला तिथंच आले होते. पोरगी माझ्या कडेवरून त्यांच्या खांद्यावर चढायला बघत होती.

"तिचं न्हाई, वैनी," ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. "ऑपरेशन माझं झालंय. जोडून बघितलं, जमलं न्हाई."

पंपाचा दांडा थांबला. काकूनं भरलेली घागर पुन्हा खाली ठेवली आणि पोरीला काकांच्या खांद्यावर नीट बसवून दिलं.