कुसामावशीचा सत्कार

सत्काराची टूम माझीच. त्र्याऐंशी सालची बुद्धपौर्णिमा जवळ आली होती, मी वसाहतीच्या मंडळाचा सेक्रेटरी, आणि सेक्रेटरीला दरवर्षी सत्काराला माणूस लागतोच. मी कुसामावशीचं नाव सुचवलं.

तिचा नवरा नाथाभाऊ, नाशिकरोडचा नावाजलेला गवंडी. चार वर्षांपासून त्याला काही आठवेनासं झालं होतं. भिंत ओळंब्यात नाही, वाकडी आहे म्हणत तो घरच्या भिंती नखांनी उकरायचा. जेवून उठला की गल्लीत सांगत सुटायचा, बायको उपाशी ठेवते. मावशी त्याच्यामागे धावायची, त्याला धुवायची, भरवायची. चार वर्षांत ती चांदवडला माहेरीसुद्धा गेली नव्हती.

विहारात ती त्याला हाताला धरूनच आली. मी लांबलचक भाषण ठोकलं, तिला त्यागमूर्ती म्हटलं आणि शाल पुढे केली. तिने हात पुढे केला नाही.

"शाल नको, भाऊ. काल मी यांच्या तोंडात मारली. परवाबी. झोप नाय मला, डोकं फिरतं. तुम्ही चांगलं बोलता ते लय टोचतं. त्यापेक्षा दुपारचं कुणीतरी दोन तास यांच्यापाशी बसा."

मी घाईघाईने आभार उरकले. घरी जाताना माझ्या बायकोजवळ, शकूजवळ, मावशीवर चिडलो, "चारचौघांत असं बोलायचं असतं का?" शकू झपझप पुढे चालत राहिली.

रविवारी दुपारी शाल पोचती करायला मावशीकडे गेलो, तर दारात शकूच्या चपला. आत नाथाभाऊ भिंत चाचपत होता, शकू दाराकडे पाठ करून त्याच्याजवळ बसली होती. मावशी आडवी झाली होती, पण जागीच होती.

"सासूबाईंना मीबी मारायचे," शकू तिला सांगत होती. "चिमटे काढायचे. त्या गेल्या, आता माफी कुणाची मागू? आमच्या यांना अजून ठाऊक नाय."

माझ्या आईची शेवटची सहा वर्षं नाथाभाऊसारखीच गेली होती. तिच्या दंडावरचे काळेनिळे डाग मी पाहिले होते. म्हातारपणी कातडी नाजूक होते, अशी स्वतःची समजूत घातली होती.

आधी संताप आला. मग आठवलं, त्या सहा वर्षांत माझी प्रत्येक संध्याकाळ मंडळात गेली. शकूने एकदाच विचारलं होतं, आज घरी थांबता का. मी थांबलो नव्हतो.

आत जाऊन मी नाथाभाऊजवळ बसलो. शकूला म्हणालो, "तू घरी जाऊन जरा पड. मी बसतो."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"आता?" ती म्हणाली.