स्वखुशीचा अर्ज

हे मी अकरा वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. चूक माझी होती — पण चूक तरी कसं म्हणू? चूक नकळत होते. मला सगळं कळत होतं.

तंजावरच्या एका शाळेत मी तेव्हा उपमुख्याध्यापक होतो. सातवीत कावेरी नावाची मुलगी होती. आमच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या मराठी घरातली. गणितात वर्गाच्या पुढं. पण घंटा वाजली की कान दाबून किंचाळायची, वाट मिळेल तिकडं पळायची. एकदा तिचा धक्का लागून एक मुलगा जिन्यावरून पडला, त्याचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी वीसेक पालक दारात — ती तरी राहील, नाहीतर आमची मुलं.

आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला कायद्यानं शाळेतून काढता येत नाही. मला ठाऊक होतं. अशा मुलांसाठी विशेष शिक्षिका मागवता येते, परीक्षेत जादा वेळ मिळतो. त्याचा फॉर्म माझ्याच टेबलात होता. मी तो का भरला नाही? कारण मुख्याध्यापिकांना तो नको होता, आणि मला त्यांची मर्जी हवी होती.

"राव सार," त्या म्हणाल्या, "आईनंच टीसी मागितली तर? तुमचीच माणसं ना ती? तुमच्या भाषेत सांगा की."

असंच चालतं. शाळा कोणाला काढत नाही, पालकच दाखला मागतात.

कावेरीची आई तुळजाबाई आल्या. शाळेत मी सगळ्यांशी तमिळच बोलायचो. त्या दिवशी घरची मराठी काढली. त्यांचा चेहरा किती उजळला!

"अगंबाई, तुम्ही आपल्यातले? मग सार कशाला म्हणू, अण्णाच म्हणते."

आणि मी त्या बाईला म्हणालो — अक्का, दाखल्यावर काढून टाकल्याचा शेरा पडला तर पोरीला कोणतीच शाळा घेणार नाही. त्यापेक्षा तुम्हीच अर्ज द्या.

तसा शेरा पडूच शकत नव्हता. मी मराठीत खोटं बोललो आणि तमिळमध्ये अर्जाचा मजकूर सांगितला. त्या एकेक अक्षर जपून लिहीत होत्या. 'स्वखुशीने' या शब्दापाशी पेन थांबलं.

"हे लिहायलाच हवं का, अण्णा?"

"लिहा, अक्का."

पुढं तीन शाळांनी जागा नाही म्हणून सांगितलं. चौथ्या शाळेकडं त्या गेल्याच नाहीत. कावेरी घरी बसली. हे मला कळत होतं — आणि मी चौकशीसुद्धा केली नाही.

अकरा वर्षं गेली. गेल्या पोंगलनंतर तिरुवैयारूला एका लग्नात तुळजाबाई दिसल्या. पंगतीत माझ्याकडं बोट दाखवून शेजारणीला सांगत होत्या, "शाळेनं नाही गं काढलं. या अण्णांनी किती समजून घेतलं. मीच भित्री, माझ्या हातानं लिहून दिलं. पोरीचं नुकसान मी केलं."

माझा अपराध ती बाई अकरा वर्षं स्वतःचा समजून वागवत होती! तेव्हा तिथं, चार लोकांत, मी बोललो का? नाही. मान खाली घालून जेवलो.

पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. कावेरी ओट्यावर शेजारच्या मुलांच्या वह्यांतली गणितं तपासत होती. मान वर केली नाही. तुळजाबाई कॉफी ठेवायला उठल्या. मी म्हणालो, नको, आधी बसा. मग फॉर्मबद्दल सांगितलं, शेऱ्याबद्दल सांगितलं, काही वगळलं नाही. त्या ऐकत होत्या, पदराचं टोक बोटांनी घट्ट पिळत.

मग मी मुलीकडं वळलो.

"कावेरी, तुला तुझ्या आईनं शाळेतून काढलं नाही. मी काढलं. तिला फसवून काढलं. मी तुझा अपराधी आहे, आणि तुमचाही, अक्का."